दहा दिवस, आठ देश आणि खिशातली शंभराची नोट

नमस्कार ताई. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ठाणे जिल्ह्यात माध्यमिक शाळेत इतिहास शिकवता. दिवाळीच्या सुट्टीत तीसेक शिक्षकांसाठी ‘दक्षिण आशिया : संस्कृती आणि समाज’ या विषयावर दहा दिवसांचा अभ्यासवर्ग घ्यायचं काम तुमच्याकडे आलंय. पहिला दिवस ओळखीचा, मग आठ देशांना एकेक दिवस आणि शेवटी सादरीकरण, असा कच्चा आराखडा तुम्ही केलाय. त्यात धर्म, सण, पेहराव, खाणं, कला, राजकारण एवढं सगळं बसवायचं कसं, हा तुमचा प्रश्न. आणि अगदी शेवटी तुम्ही लिहिलंय, “इतकं करूनही शिक्षक परत गेल्यावर वर्गात काही वेगळं करतील का, याची खात्री वाटत नाही.”

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न हे शेवटचं वाक्य आहे. बसवण्याचा प्रश्न त्याच्या मागून येतो आणि बराचसा आपोआप सुटतो.

मी चौदा वर्षं शिक्षकांचे असे वर्ग घेतले आहेत. पहिला वर्ग मी तुमच्यासारखाच आखला होता. रोज एक देश, सकाळी त्याचा इतिहास, दुपारी समाज, संध्याकाळी गाणी आणि चित्रफीत. तक्ते सुंदर झाले, अभिप्राय छान आले. तीन महिन्यांनी मी त्यातल्या सहा जणांच्या वर्गात जाऊन बसले. सहाही ठिकाणी भिंतीवर झेंड्यांचे तक्ते होते आणि शिकवणं होतं तसंच होतं. एका बाईंनी अगदी प्रामाणिकपणे सांगितलं, “माहिती खूप मिळाली हो, पण ती माझ्या मुलांना कुठून चिकटवू ते कळत नाही.” ते ‘कुठून चिकटवू’ तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे.

देशवार मांडणीत आणखी एक अडचण आहे. आठ देशांची ही यादी सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेमुळे आपल्या सवयीची झाली. सार्क १९८५ साली ढाक्यात स्थापन झाली तेव्हा सदस्य सात होते, अफगाणिस्तान आला २००७ मध्ये. राज्यकारभार आणि परराष्ट्र धोरण शिकवायला ही चौकट ठीक आहे. पण संस्कृती आणि समाज त्या सीमांवर थांबत नाहीत. बंगाली भाषा एका दिवसात घालायची की दोन? तमिळ भारताच्या दिवशी की श्रीलंकेच्या? सिंधी कुठे? देशांचे खण केले की नेमक्या याच गोष्टी फटीतून खाली पडतात, आणि शिकण्यासारखं तर त्यांच्यातच जास्त असतं.

म्हणून माझं सांगणं असं की एकच धागा धरा आणि दहाही दिवस तो सोडू नका. तो धागा शिक्षकाच्या खिशातून, घरातून किंवा शाळेच्या आवारातून निघाला पाहिजे, म्हणजे परत गेल्यावर त्याच्या मुलांनाही तो तिथूनच हाती लागेल. कोणता धागा, हे मात्र जागेवर आणि माणसांवर अवलंबून आहे. तुम्ही नागपूरला असता तर मी बौद्ध धम्म सुचवला असता. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांना दीक्षा देणारे चंद्रमणी महास्थवीर मूळचे ब्रह्मदेशचे होते आणि कुशीनगरला राहत. त्याआधी १९५० साली बाबासाहेब श्रीलंकेत बौद्ध परिषदेला जाऊन आले होते, आणि दीक्षेनंतर पुढच्याच महिन्यात काठमांडूच्या परिषदेत बोलले. म्हणजे नागपूरच्या एका मैदानावरून चारही दिशांना वाटा फुटतात. मराठवाड्यात असता तर उर्दू, हैदराबाद संस्थान आणि खुलताबादचे दर्गे यांच्याभोवती बांधलं असतं. तुम्ही ठाणे जिल्ह्यात आहात आणि एक-दोन दिवसच बाहेर पडता येईल असं लिहिलंय. तुमच्यासाठी भाषा हा धागा सगळ्यात सोयीचा, कारण लागेल ते सगळं लोकलच्या टप्प्यात आहे.

पहिल्या दिवशी उद्घाटन लवकर उरका आणि प्रत्येकाला खिशातली किंवा पर्समधली एक नोट काढायला सांगा. शंभराची असली तर उत्तम. मागच्या बाजूला भाषांची पट्टी असते. तिथे रक्कम पंधरा भाषांत लिहिलेली आहे, हिंदी आणि इंग्रजी पुढच्या बाजूला आहेत त्या वेगळ्या. आपण आयुष्यभर नोटा मोजल्या, पण ही पट्टी वाचली नाही, हे त्या क्षणी खोलीतल्या प्रत्येकाच्या लक्षात येतं. मराठी शोधायला सांगा. ‘शंभर रुपये’ बरोबर मधोमध आहे, वर सात भाषा, खाली सात. मग विचारा, हा क्रम कशाचा? कुणी म्हणेल बोलणाऱ्यांच्या संख्येचा, कुणी म्हणेल राज्यांचा. लगेच उत्तर देऊ नका, पाच मिनिटं जाऊ द्या. क्रम आहे इंग्रजी नावांच्या वर्णानुक्रमाचा. आसामी पहिली, उर्दू शेवटची.

आता मराठीच्या लगेच खालची ओळ वाचायला सांगा. लिपी देवनागरी आहे, त्यामुळे वाचता येते : ‘एक सय रुपियाँ’. ही नेपाळी. नेपाळची राजभाषा आपल्या नोटेवर काय करते? ती सिक्कीम आणि दार्जिलिंगच्या लोकांची भाषा आहे आणि १९९२ साली कोकणी व मणिपुरीबरोबर आठव्या अनुसूचीत, म्हणजे राज्यघटनेतल्या भाषांच्या यादीत आली. मग गट करा आणि काम द्या की या पंधरांपैकी कोणत्या भाषा शेजारच्या देशांतही घराघरांत बोलल्या जातात ते शोधा. बंगाली, नेपाळी, तमिळ, उर्दू, पंजाबी एवढ्या तर तासाभरात निघतात. पाकिस्तानात सर्वाधिक लोकांची मातृभाषा पंजाबी आहे, हे ऐकून दर वेळी निम्मा वर्ग चकित होतो. आणि तीच पंजाबी आपल्या नोटेवर गुरुमुखीत, तिकडे मात्र फारसी वळणाच्या शाहमुखीत.

याच्या पुढचा प्रश्न माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त कामाचा ठरला आहे : या पट्टीवर कोण नाही? आठव्या अनुसूचीत आज बावीस भाषा आहेत. सिंधी १९६७ पासून आहे, तरी पट्टीवर नाही. संथाळी नाही, मैथिली नाही. आणि गोंडी तर अनुसूचीतच नाही. गडचिरोलीकडे बोलली जाणारी गोंडी द्रविड कुळातली, आणि त्याच कुळातली ब्राहुई पाकिस्तानच्या बलुचिस्तानात बोलली जाते. मेळघाटातली कोरकू आणि झारखंडची संथाळी या दोघी ऑस्ट्रो-आशियाई कुळातल्या. नकाशा भिंतीवर लावा आणि या जोड्या दोऱ्याने जोडायला सांगा. गट दोरे लावत असतात तेव्हा शांतपणे बाजूला उभ्या राहा. मी कितीही चांगलं बोलले असते तरी त्या दोऱ्यांइतकं पोचलं नसतं.

दुसरा आणि तिसरा दिवस १९५० च्या दशकासाठी ठेवा. आपल्या पाठ्यपुस्तकात संयुक्त महाराष्ट्राची चळवळ एका प्रकरणात येते आणि आपण ती फक्त आपली म्हणून शिकवतो. पण फळ्यावर एकच काळरेषा काढा आणि तिच्यावर सगळे प्रसंग एकत्र मांडून बघा. २१ फेब्रुवारी १९५२, ढाका : बंगालीला राष्ट्रभाषेचा दर्जा मागणाऱ्या विद्यार्थ्यांवर गोळीबार. त्याच वर्षी १५ डिसेंबरला मद्रासमध्ये तेलुगू भाषकांच्या राज्यासाठी उपोषणाला बसलेले पोट्टी श्रीरामुलू यांचं निधन, आणि १ ऑक्टोबर १९५३ ला आंध्र राज्य. २१ नोव्हेंबर १९५५, मुंबई : फ्लोरा फाउंटनजवळ मोर्चावर गोळीबार. १९५६, श्रीलंका, तेव्हाचं सिलोन : सिंहली हीच एकमेव राजभाषा असा कायदा. त्याच वर्षी पाकिस्तानच्या पहिल्या राज्यघटनेत उर्दूच्या जोडीला बंगाली, आणि भारतात राज्यांची पुनर्रचना. १ मे १९६०, महाराष्ट्र.

ही रेषा पुरी झाली की वर्गात एक शांतता येते. मग विचारायचं ते इतकंच : ठिणगी सगळीकडे एकच असताना पुढचे रस्ते इतके वेगळे का झाले? पाकिस्तानात भाषेचा मान चार वर्षांत मिळाला, तरी १९७१ साली देश फुटला. म्हणजे भाषेच्या जोडीला सत्तेत आणि पैशात वाटा हा प्रश्न होता. श्रीलंकेत तमिळलाही राजभाषा करायला १९८७ साल उजाडलं, तोवर यादवी पेटलेली होती आणि १९८१ साली जाफन्याचं सार्वजनिक ग्रंथालय सुमारे सत्त्याण्णव हजार पुस्तकं-हस्तलिखितांसह जाळलं गेलं होतं. भारतात राज्यं भाषावार झाली आणि देश टिकला, पण सीमाप्रश्न राहिला आणि राज्यांच्या आतल्या छोट्या भाषांकडे दुर्लक्ष झालं. याचं एक उत्तर देऊ नका, कारण एक उत्तर नाही. जाफन्याच्या ग्रंथालयावर मात्र थोडं थांबा. शिक्षकांना पुस्तकांची राख जितकी कळते तितकी आकडेवारी कळत नाही.

एक सकाळ सगळ्यांना हुतात्मा चौकात, म्हणजे त्याच फ्लोरा फाउंटनजवळ, घेऊन जा. हुतात्म्यांची नावं वाचायला सांगा, आडनावं लक्ष देऊन बघायला सांगा. त्याआधी ढाक्याच्या शहीद मिनारचं, म्हणजे १९५२ च्या गोळीबारातल्या हुतात्म्यांच्या स्मारकाचं चित्र दाखवलेलं असलं, तर दोन्ही स्मारकांची तुलना शिक्षक आपणहून करतात. युनेस्कोने १९९९ साली २१ फेब्रुवारी हा आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन ठरवला. आपल्या शाळा तो दिवस पाळतात तेव्हा ढाक्याचं नाव क्वचितच घेतलं जातं. सहा दिवसांनी २७ तारखेला मराठी भाषा गौरव दिन असतोच. या दोन दिवसांना जोडून शाळेत काय करता येईल, हे काम तिथेच पायऱ्यांवर बसून करायला द्या.

आता उल्हासनगर. तुमच्या इतक्या जवळ आहे की कदाचित म्हणूनच तुमच्या आराखड्यात नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आणून ठेवलं, १९४९ साली वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. लोक आजही पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर चार’ असंच म्हणतात. फाळणी शिकवताना आपण पंजाब आणि बंगाल शिकवतो, कारण तिथे रेषा आखली गेली. सिंधची फाळणी झालीच नाही, तो प्रांत अखंड पाकिस्तानात गेला. त्यामुळे इथे आलेल्या सिंधी लोकांना आपलं म्हणावं असं राज्य उरलं नाही. राष्ट्रगीतात ‘सिंध’ रोज म्हणतो आपण, आणि नोटेच्या पट्टीवर सिंधी नाही. या दोन वाक्यांवर एक तास चालतो.

तिथे नेल्यावर काय घडू शकतं याचा एक प्रसंग सांगते. आमच्या गटात उर्दू माध्यमाच्या एक शिक्षिका होत्या. आम्ही एका जुन्या बराकीतल्या घरी गेलो होतो. घरातल्या आजी नव्वदीच्या होत्या, लहानपणी सिंधमध्ये तीन इयत्ता शिकलेल्या. कुणीतरी वही पुढे केली आणि नाव लिहायला सांगितलं. त्यांनी उजवीकडून डावीकडे, हात कापत असताना, स्वतःचं नाव आणि खाली गावाचं नाव लिहिलं. शेजारी उभ्या असलेल्या नातीला ते वाचता येईना. ती मराठी आणि इंग्रजी वाचते, सिंधी फक्त बोलते. आमच्या उर्दूच्या बाई पुढे झाल्या आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. नाव वाचलं. गावाच्या नावात एका अक्षरावर अडल्या. सिंधीच्या अरबी वळणाच्या लिपीत बावन्न अक्षरं आहेत, उर्दूत नसलेल्या ध्वनींची चिन्हं आहेत. आजींनी तो उच्चार करून दाखवला, श्वास आत ओढून केलेला ‘ब’. बाईंनी म्हणून बघितला, जमला नाही, पुन्हा म्हटला. मग नातीने तो सहज म्हणून दाखवला, कारण तिच्या जिभेवर तो होताच. वही तिघींच्या मध्ये होती. एकीला लिहिता येत होतं, दुसरीला वाचता येत होतं, तिसरीला बोलता येत होतं. त्या दिवशी संध्याकाळी गटात एकही व्याख्यान ठेवलं नाही आणि त्याची गरजही नव्हती.

यासाठी आधी माणसं शोधावी लागतात, तिथल्या शाळेतल्या किंवा वाचनालयातल्या कुणाशी तरी बोलून ठेवावं लागतं. एका घरी पाच-सहा जणांहून जास्त नेऊ नका. आणि दंगल, पळून येणं, गमावलेली माणसं यांबद्दल आपण होऊन विचारू नका. खाणं, शाळा, बोली, लग्नातली गाणी विचारा. सांगायचं असेल ते म्हातारी माणसं स्वतः सांगतात.

कान्हेरीला एक दिवस द्या, पण लेणी ‘बघायला’ म्हणून नव्हे, वाचायला म्हणून. तिथल्या ब्राह्मी लेखांची भाषा प्राकृत आहे. दान देणारे कल्याणचे, सोपाऱ्याचे, नाशिकचे आहेत. व्यापारी आहेत, भिक्खुणी आहेत. पाण्याच्या टाक्याला लेखांत ‘पोढी’ म्हणतात. आणि त्याच डोंगरावर इसवी सन १००९ आणि १०२१ चे पहलवी या जुन्या इराणी लिपीतले लेखही आहेत, भेट द्यायला आलेल्या पारशांनी आपली नावं कोरून ठेवलेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा त्याच निर्णयात पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली होत्या. पाली हे श्रीलंकेच्या बौद्ध परंपरेच्या धर्मग्रंथांचं माध्यम, प्राकृत आपल्या लेण्यांची भाषा. शिक्षकांना वर्तमानपत्रातली ती बातमी आणि डोंगरावरचा दगड एकाच दिवशी दाखवा.

आता नाजूक भाग. जात हा विषय दहा दिवसांत कुठे घालू, असं तुम्ही विचारलंय. वेगळं व्याख्यान ठेवलं की वर्ग दोन भागांत बसतो, काही जण फार बोलतात आणि काही जण तोंड मिटून घेतात. भाषेचा धागा हातात असेल तर जात त्यातूनच समोर येते. मी विचारते, “तुमच्या वर्गात कोणत्या मुलाची मराठी तुम्ही दिवसातून सगळ्यात जास्त वेळा दुरुस्त करता?” ‘व्हतं’, ‘म्या’, ‘नव्हं’ म्हणणारी मुलं कोणत्या वस्तीतली असतात, हे शिक्षकांना माहीत असतं. तुमच्याकडे वारली आणि कातकरी घरांतली मुलं असतील, ती पहिलीत आल्यावर पुस्तकातली मराठी परकी भाषा म्हणूनच ऐकतात. ‘शुद्ध’ हा शब्द कुणी ठरवला, इथपर्यंत गट पोचला की पुढे न्यायला सोपं जातं. नेपाळमध्ये १८५४ च्या मुलुकी ऐन या कायदेसंहितेने जातींची उतरंड कायद्यात लिहून ठेवली होती आणि ती १९६३ पर्यंत चालली. पाकिस्तानात झाडू मारण्याचं काम कुणाच्या वाट्याला येतं ते बघा, धर्म बदलूनही जात मागे येते. हे शेजाऱ्यांचे दाखले आपली जबाबदारी हलकी करायला वापरू नका, नाहीतर लोक सुटकेचा श्वास टाकतात आणि विषय तिथेच बंद होतो. आधी आपला वर्ग, मग शेजार.

चर्चेसाठी मी एकच नियम ठेवते आणि तो पहिल्या दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिते : ‘त्यांच्यात असं असतं’ म्हणायचं नाही, ‘आमच्याकडे असं होतं’ म्हणायचं. पाकिस्तान किंवा बांगलादेशाचा विषय निघाला की आवाज चढतात, हे होणारच. तेव्हा हा नियम हात धरतो. मुस्लिम, बौद्ध, सिंधी, आदिवासी शिक्षक गटात असतील तर त्यांना त्यांच्या समाजाचे प्रतिनिधी म्हणून उभं करू नका. बोलायचं की नाही ते त्यांचं त्यांनी ठरवावं.

एवढं मांडल्यावर दिवस असे लागतात : नोट आणि नकाशा, मग काळरेषेचे दोन दिवस, चौथ्या दिवशी हुतात्मा चौक, पाचव्या दिवशी घरातून आणलेल्या लेखी वस्तू (जुनं पत्र, मोडीतला कागद, दर्ग्याचा किंवा देवळाचा पत्रक, काहीही), सहावा उल्हासनगर, सातवा पूर्ण मोकळा, आठवा कान्हेरी, नववा ‘शुद्ध’ भाषेचा, दहावा पाठ तयार करण्याचा. बाहेरचे तीन दिवस जमणार नसतील तर हुतात्मा चौक गाळा, उल्हासनगर गाळू नका. मोकळा दिवस मात्र कापू नका. वरिष्ठांना तो रिकामा दिसेल, पण शिक्षक त्याच दिवशी आपल्या टिपणांत शिरतात. पाहुण्या वक्त्यांचं म्हणाल तर दोन पुरे, आणि त्यांना तुमचा धागा आधी कळवा.

पाचव्या दिवसासाठी एक सोपी जोड देते. बालभारती मराठीशिवाय उर्दू, गुजराती, कन्नड, सिंधी, तेलुगू अशा माध्यमांतही पुस्तकं काढतं. इतिहासाचा एकच धडा तीन माध्यमांत मिळवा आणि शेजारी शेजारी ठेवा. वाचता येणारा कुणी ना कुणी गटात निघतोच, आणि ज्याला कधी कुणी काही विचारत नाही असा शिक्षक त्या दिवशी मधोमध बसलेला दिसतो.

सादरीकरण रद्द करा, असं मी ठामपणे सांगेन. त्याऐवजी दहाव्या दिवशी प्रत्येकाने पस्तीस मिनिटांची एकच तासिका लिहायची, स्वतःच्या शाळेसाठी, स्वतःच्या मुलांची नावं डोळ्यांसमोर ठेवून, आणि ती जानेवारी संपायच्या आत घ्यायची. तुम्ही त्यातल्या निदान पाच तासिका मागच्या बाकावर बसून बघा. तुमच्या शेवटच्या वाक्याचं उत्तर तुम्हाला तिथे मिळेल.

खाण्याचा दिवस ठेवू का, हेही विचारलंय. वेगळा दिवस नको. पण रोजच्या डब्यात काय आहे आणि त्याला घरी काय म्हणतात, हे जेवताना बोलू द्या.

आता लगेच करायचं काम म्हणजे तीसही जणांना एक छोटा फॉर्म पाठवा. तीन प्रश्न पुरेत : घरी कोणती भाषा बोलता, तुमच्या आजीची भाषा कोणती होती, आणि तुमच्या वर्गात शाळेच्या भाषेपेक्षा वेगळी भाषा बोलणारी किती मुलं आहेत. तिसऱ्या प्रश्नाला बरेच जण शून्य लिहितील. ते फॉर्म जपून ठेवा आणि दहाव्या दिवशी ज्याचा त्याला परत द्या.